भांडी कुणाच्या दारात वाजतात?

आमच्या इमारतीत फेब्रुवारीत एक लग्न झालं. नवरा चौपन्न वर्षांचा, बायको सत्तेचाळीस. त्याची पहिली बायको आजारपणात गेलेली. तिचा पहिला नवरा, ती एकोणतीस वर्षांची असताना, अपघातात गेलेला. नोंदणी कार्यालयात सह्या झाल्या, दुपारी दहा-बारा माणसं जेवली आणि संध्याकाळी दोघं घरी आली. रात्री पावणेबाराला तिसऱ्या मजल्यावर त्यांच्या दारासमोर पंधरा-वीस जण जमले. स्टीलच्या थाळ्या, कुकरचं झाकण, गणपतीत काढतो ते टाळ, जत्रेतली एक पिपाणी. खाली कुणीतरी गाडीचा हॉर्न दाबून धरला होता. ‘‘काका, दार उघडा, नाहीतर सकाळपर्यंत वाजवणार!’’ मी समोरच्या दारात उभी होते. त्यांच्या दाराखालच्या फटीतून उजेडाची बारीक पट्टी दिसत होती. थोड्या वेळाने ती विझली. आतल्यांनी दिवा मालवला होता, घरात कुणी नाहीच असं वाटावं म्हणून. अर्धा तास वाजवणं चालू राहिलं. शेवटी दार जरासं उघडलं, काका बाहेर आले, चेहऱ्यावर हसू आणलं आणि दोन हजार रुपये पुढे केले. मंडळी टाळ्या पिटत जिना उतरली.

दुसऱ्या दिवसापासून सोसायटीत जो वाद पेटला तो अजून धुमसतो आहे. एक बाजू म्हणते, रात्री दहानंतर आवाज करायचा नाही हा नियम आहे, पुढच्या वेळी सरळ पोलिसांना फोन करू. दुसरी बाजू म्हणते, फ्लॅटमध्ये राहून माणसं सुकत चालली आहेत, वाड्यात असताना नव्या जोडप्याला कुणी सुखाने झोपू देत होतं का? आणि या दुसऱ्या बाजूच्या एका सुशिक्षित गृहस्थांनी पुरावा म्हणून युरोपातल्या एका जुन्या प्रथेची माहिती सगळ्यांना पाठवली. फ्रान्समध्ये तिला ‘शारिवारी’ म्हणतात, अमेरिकेत त्याच शब्दाचं ‘शिव्हरी’ झालं. नवविवाहितांच्या खिडकीखाली रात्री भांडी बडवायची, शिंगं फुंकायची, बेसूर गायचं आणि काहीतरी खायला-प्यायला किंवा पैसे मिळाल्याशिवाय हलायचं नाही. ‘बघा, जगभर चालतं,’ असं त्यांनी खाली लिहिलं होतं.

माझं म्हणणं असं की दोन्ही बाजू चुकीच्या प्रश्नावर भांडत आहेत. आवाज किती होता हा प्रश्न गौण आहे. कुणाच्या दारात वाजवलं, का वाजवलं आणि आतल्या माणसाला ‘नको’ म्हणायची मुभा होती का, हे तीन प्रश्न खरे आहेत. ज्या प्रथेचा दाखला आमच्या शेजाऱ्यांनी दिला तिचा सहा-सातशे वर्षांचा इतिहास याच तीन प्रश्नांचा इतिहास आहे, आणि तो वाचला तर त्यांच्या बाजूचा पुरावा त्यांच्याच विरुद्ध साक्ष देतो.

शारिवारी सगळ्याच नवविवाहितांच्या वाट्याला येत नसे. पंचविशीतला तरुण आणि विशीतली मुलगी, दोघांचं पहिलंच लग्न, तर गाव नाचत वरातीत सामील होई. भांडी निघत ती ठरावीक घरांसाठी. विधवेने पुन्हा लग्न केलं, विधुराने तरुण मुलगी आणली, वयातलं अंतर डोळ्यांत भरलं, परगावचा माणूस गावातली मुलगी घेऊन गेला, की रात्री तोंडाला मुखवटे बांधलेली पोरं दाराशी येत. या प्रकाराचं फार जुनं चित्र फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयातल्या एका हस्तलिखितात आहे, साधारण १३१६-१७ च्या सुमाराचं. त्यातल्या उपहासकाव्यात फोव्हेल नावाच्या ढोंगी घोड्याचं लग्न लागतं, आणि रात्री मुखवटे घातलेली माणसं तवे, कढया, घंटा बडवत येतात. म्हणजे चौदाव्या शतकाच्या सुरुवातीलाच वाचकाला हे दृश्य समजावून सांगायची गरज उरली नव्हती, इतकी प्रथा अंगवळणी पडली होती. इटलीत तिला ‘स्काम्पानाता’ म्हणत, स्पेनमध्ये ‘सेन्सेरादा’, जर्मनीत ‘काट्झेनमुझीक’, म्हणजे मांजरांचं गाणं. इंग्लंडमध्ये नाव पडलं ‘रफ म्युझिक’. इतक्या भाषांत इतकी नावं आणि निशाणा बहुतेक वेळा तोच: ज्यांनी केलेलं लग्न लोकांना पसंत नाही अशी दोन माणसं.

राजवाडाही याला अपवाद नव्हता. २८ जानेवारी १३९३ च्या रात्री पॅरिसमध्ये राणीच्या एका सखीच्या लग्नाची मेजवानी होती. ही सखी विधवा होती, तिचा हा पुनर्विवाह. अशा लग्नात वात्रटपणा चालतोच, म्हणून खुद्द राजा सहावा चार्ल्स आणि पाच सरदार रानटी माणसांची सोंगं घेऊन दालनात शिरले. अंगावर राळ लावलेलं तागाचं कापड, त्यावर केसांसारखे चिकटवलेले धागे, तोंडाने आरडाओरडा आणि अचकट-विचकट हावभाव. राजाचा भाऊ मशाल घेऊन जवळ आला आणि ठिणगी पडली. बेरीच्या डचेसने आपल्या झग्याचा घोळ राजावर टाकला म्हणून तो वाचला, एकाने पाण्याच्या पिंपात उडी घेतली, उरलेले चार जळून मेले. इतिहासात ही रात्र लक्षात राहिली ती राजा थोडक्यात वाचला म्हणून. मला मात्र त्या सखीचा विचार येतो. स्वतःच्या लग्नाच्या रात्री, दरबारासमोर, आपण दुसऱ्यांदा संसार मांडतो आहोत याची टिंगल तिला बसून पाहायची होती. आग लागली नसती तर ती रात्र ‘मजेची’ म्हणूनच नोंदली गेली असती.

आता समोरच्या बाजूचं बळ मान्य केलं पाहिजे, आणि ते थोडंथोडकं नाही. इतिहासकार नॅटली झेमन डेव्हिस यांनी १९७१ साली फ्रान्समधल्या तरुणांच्या या टोळ्यांवर लिहिलं तेव्हा दाखवलं की यात नुसता आचरटपणा नव्हता. गावात लग्नाच्या वयाच्या मुली मोजक्या. पन्नाशीच्या विधुराने अठराची मुलगी नेली की एका तरुणाची संधी गेली. शिवाय पहिल्या लग्नाची मुलं असत. सावत्र आई किंवा सावत्र बाप घरात आला की जमीन, भांडीकुंडी, हुंडा यांचं काय होणार ही धास्ती खरी होती. गेलेल्या जोडीदाराच्या स्मृतीचा मान राखायला दुसरं कुणी नव्हतं. पोलीस नाहीत, कोर्ट दूर, अशा गावात तरुणांनी थाळ्या बडवल्या, दंडाचे पैसे घेतले, त्यात सगळे प्यायले आणि प्रकरण मिटलं. सुरा निघाला असता तिथे कढई निघाली. हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण या समर्थनाच्या आत जरा डोकावून पाहा. मुलगी म्हणजे गावच्या तरुणांच्या साठ्यातला एक नग, तो दुसऱ्याने उचलला म्हणून त्याने भरपाई द्यायची, हा या हिशेबाचा पाया आहे. त्या मुलीला कुणाशी लग्न करायचं होतं हे या हिशेबात कुठेच येत नाही. वयाच्या अंतराची चिंता म्हणावी, तर म्हाताऱ्याला ठोठावलेला दंड पोरांच्या दारूत का जायचा? सावत्र मुलांच्या वाट्याची चिंता म्हणावी, तर पैसे त्या मुलांच्या नावाने कधी ठेवले गेले? आणि विधवेचं काय? तिने कुणाची संधी हिरावली होती? चर्चने तिच्या पुनर्विवाहाला हरकत घेतलेली नव्हती. उलट चर्चच्या सभा चौदाव्या शतकापासून शारिवारीवर बंदी घालत राहिल्या, कारण जे लग्न धर्माने वैध ठरवलं त्याची दारात विटंबना होत होती. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये १६८३ साली एका तरुण विधवेने पती गेल्यावर तीन आठवड्यांत लग्न केलं. दाराशी असा हैदोस सुरू झाला की बिशप लाव्हाल यांना भाग घेणाऱ्यांना धर्मबहिष्काराची धमकी द्यावी लागली. तीन आठवडे हा काळ आपल्याला खटकतो. पण समुद्रापार एकट्या बाईने काय खावं आणि कुणाच्या आधाराने राहावं याचं उत्तर कढया बडवणाऱ्यांपैकी कुणी दिलं होतं?

दुसरा मुद्दा मला अधिक अवघड वाटतो, कारण तो आपल्याला आपल्याच अंगणात आणून उभा करतो. शारिवारीचे समर्थक म्हणतात, आवाज संपतो. पैसे दिले, दोन घोट पाजले, की दुसऱ्या दिवशी तेच लोक विहिरीवर बोलायला तयार. जिथे समाज ओरडत नाही तिथे तो गप्प बसून मारतो. हे खरं आहे, आणि आपणच त्याचं उदाहरण आहोत. धोंडो केशव कर्व्यांनी ११ मार्च १८९३ रोजी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या विधवा गोदूबाईंशी लग्न केलं. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा, म्हणजे तेव्हा सदतीस वर्षं जुना झालेला. तरीही कर्वे आपल्या गावी मुरूडला गेले तेव्हा त्यांच्या दाराशी कुणी थाळ्या बडवल्या नाहीत. गावाने बहिष्कार घातला. स्वतःच्या आईच्या घरात त्यांना परक्यासारखं राहावं लागलं. कुणब्यांपासून कितीतरी जातींत विधवेचं लग्न होत होतं, पण त्याला ‘लग्न’ हा शब्दही मिळाला नाही. तो ‘पाट’, तो ‘म्होतूर’. रात्री, अंधारात, वाजंत्रीशिवाय, सवाष्णींच्या नजरेआड लावायचा. नवरा पहिलटकर असला तर त्याचं आधी रुईच्या झाडाशी लग्न लावायचं, म्हणजे विधवेशी होणारं हे त्याचं पहिलं लग्न ठरू नये. फ्रान्समधल्या विधवेच्या दारात सगळं गाव भांडी घेऊन आलं, आपल्याकडच्या विधवेच्या मांडवात सनईवाल्यालाही बोलावलं गेलं नाही. दोन रात्रींपैकी कोणती बरी, असा प्रश्न टाकला तर मला उत्तर देता येत नाही.

पण उत्तर देता येत नाही याचा अर्थ पहिली रात्र चांगली होती असा होत नाही. दोन्ही रात्री एकाच वृत्तीच्या पोटी जन्मल्या आहेत. एका बाईने दुसऱ्यांदा सुख मागितलं याची किंमत तिच्याकडून वसूल करायची, मग ती आवाजाने करा की अबोल्याने. आणि ‘पैसे दिले की मिटतं’ हेही सगळ्यांच्या बाबतीत खरं नव्हतं. ज्याचं समाजात वजन आहे त्याच्यासाठी मिटत असे. कॅनडात स्थायिक झालेल्या सुझाना मूडी यांनी १८५२ साली छापलेल्या आपल्या आठवणींत शेजारणीने सांगितलेली एक हकिगत आहे. गुलामीतून पळून आलेला एक काळा न्हावी गावात स्थिरावला, लोकांचा आवडता झाला आणि त्याने एका आयरिश मुलीशी लग्न केलं. त्या रात्री शारिवारीसाठी जमलेल्या तरुणांनी त्याला अंथरुणातून ओढून काढलं, कडाक्याच्या थंडीत जवळजवळ उघड्या अंगाने लाकडाच्या ओंडक्यावर बसवून फिरवलं, आणि तो मेला. त्याच आठवणींत श्रीमंत वर-वधूंनी पैसे फेकून सुटका करून घेतल्याच्या गोष्टीही आहेत. भांडी तीच, रात्र तीच, तोंडाला फासलेली काजळी तीच. एकाला पैसे मोजावे लागले, दुसऱ्याला जीव. ज्या प्रथेत शिक्षा किती हे गर्दीच्या त्या रात्रीच्या लहरीवर अवलंबून असतं तिला न्यायाचा पर्याय कसं म्हणायचं?

तिसरा मुद्दा मांडणाऱ्यांशी माझी खरी जवळीक आहे. ते म्हणतात, भांडी दुबळ्यांचं हत्यार आहेत. ई. पी. टॉम्पसन या इतिहासकारांनी दाखवलं की एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या गावांतून ‘रफ म्युझिक’चा रोख बदलत गेला आणि बायकोला मारणाऱ्या नवऱ्याच्या दारात भांडी वाजू लागली. कोर्ट ज्या बाईचं ऐकत नव्हतं तिची बाजू शेजारणींनी डबे बडवून घेतली. फ्रान्समध्ये १८३० नंतर हीच शारिवारी लोकप्रतिनिधींच्या खिडक्यांखाली गेली, आणि १८३२ साली पॅरिसात सत्ताधाऱ्यांची हजेरी घेणारं व्यंगचित्रांचं दैनिक निघालं त्याचं नावच ‘ल शारिवारी’ होतं. लंडनच्या ‘पंच’ या व्यंग-साप्ताहिकाने पुढे स्वतःला ‘लंडनची शारिवारी’ म्हणवून घेतलं, आणि त्या ‘पंच’च्या वळणावर आपल्या मुंबईत ‘हिंदी पंच’ निघाला. १७ एप्रिल २०२३ रोजी फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन निवृत्तिवेतनाच्या कायद्यावर दूरचित्रवाणीवर बोलत होते तेव्हा फ्रान्समधले लोक नगरपालिकांसमोर पातेली वाजवत उभे होते. हे सगळं वाचताना मला आमच्या आईच्या तोंडून ऐकलेला लाटणं मोर्चा आठवतो. १९७२ च्या दुष्काळानंतर तेल, रॉकेल, साखर मिळेनाशी झाली तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यामागे मुंबईतल्या हजारो बायका रिकामी थाळी आणि लाटणं घेऊन रस्त्यावर उतरल्या. आई सांगायची, सुरुवातीला लाज वाटत होती, मग शेजारच्या बाईच्या थाळीचा ठेका कानात बसला आणि हात आपोआप चालू लागला. त्या आवाजाला रात्री दहाचा किंवा पंचावन्न डेसिबलचा नियम लावून गप्प करावं असं मला मुळीच वाटणार नाही.

म्हणूनच मी म्हणते, प्रश्न दिशेचा आहे. तीच थाळी मंत्रालयावर नेली की प्रश्न विचारते आणि विधवेच्या दारात नेली की शिक्षा करते. आणि समाजाच्या हाती ठेवलेल्या भांड्यांची दिशा आपोआप वरच्याकडे वळत नाही, हेही इतिहासच सांगतो. सतराव्या शतकातले इंग्रज रोजनिशीकार सॅम्युअल पेपिस यांच्या रोजनिशीत १० जून १६६७ ची नोंद आहे. लंडनजवळच्या ग्रिनिचच्या घाटावर गर्दी उसळली होती, कारण गावच्या कॉन्स्टेबलला त्याच्या बायकोने मारलं होतं आणि त्यापायी त्याच्या टिंगलीची मिरवणूक निघाली होती. इंग्लंडच्याच सॉमरसेटमधल्या माँटाक्यूट हाऊस या वाड्याच्या दिवाणखान्यात १६०० सालाच्या आसपासचं चुन्यातलं एक उठावचित्र आहे, त्यातही नवरा बायकोचा मार खातो आणि गाव धिंड काढतं. म्हणजे शेकडो वर्षं ज्या प्रथेने मार खाणाऱ्या नवऱ्याची, आणि त्याच्या आडून वरचढ बायकोची, टर उडवली तीच नंतर मारणाऱ्या नवऱ्यावर उलटली. चांगलं झालं. पण हे भांड्यांनी ठरवलं नाही, लोकांची मतं बदलली म्हणून झालं. मतं मागासलेली असतील तिथे भांडीही मागासलेल्यांच्याच बाजूने वाजणार. टॉम्पसन यांना या जनन्यायाबद्दल जिव्हाळा होता, तरी त्यांनीही लिहून ठेवलं की या प्रथेचे जे बळी होते त्यांच्यापैकी काहींना दूरचा, परका, कागदी कायदा म्हणजे आपल्याच माणसांच्या जुलमातून सुटका वाटली असेल. लोकपरंपरेवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य विसरू नये असं मला वाटतं.

आपल्याकडे दारात जाऊन बोंब मारायची परंपराच नव्हती असं कुणी म्हणेल, तर भाषाच ते खोडून काढते. ‘नावाने शिमगा करणे’, ‘गाढवावरून धिंड’ हे वाक्प्रचार उगाच आलेले नाहीत. बीड जिल्ह्यात केज तालुक्यातल्या विडा या गावात तर धुळवडीच्या दिवशी जावयाची गाढवावरून मिरवणूक निघते, ऐंशीहून अधिक वर्षं. जावई आधीच पळ काढतात, म्हणून त्यांच्यावर पाळत ठेवतात, धरून आणतात, गळ्यात चपलांचा हार घालून गावभर फिरवतात आणि शेवटी नवा पोशाख देऊन मान करतात. दर वर्षी बातमी आली की तेच दोन आवाज उठतात, ‘किती गोड गाव’ आणि ‘किती मागास गाव’. मला यातलं एक वेगळेपण महत्त्वाचं वाटतं. मराठी घरात जावई म्हणजे दहावा ग्रह. सासू त्याच्यासमोर मोठ्याने बोलत नाही, अधिकात त्याला वाण द्यायचं, दिवाळसणाला त्याचा मान. वर्षभर ज्याच्यापुढे वाकायचं त्याला एक दिवस गाढवावर बसवायचं, यात चढलेल्या पारड्याला खाली आणणं आहे. विधवेच्या दारात थाळी वाजवणं म्हणजे आधीच खाली दबलेल्या पारड्यावर धोंडा ठेवणं. या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत. तरी विड्याच्या लोकांनाही मी एवढं विचारेन, की ज्या जावयाला खरोखरच बसायचं नाही त्याला सोडून दिलं तर गावाची मजा कमी होईल का? आणि गाढवाचं काय?

चौथा मुद्दा भावनेचा आहे, आणि तो हसण्यावारी नेणं मला पटत नाही. ‘आम्ही दुष्टाव्याने गेलो नव्हतो, आपलं मानतो म्हणून गेलो,’ असं त्या रात्रीच्या मंडळींतला एक मुलगा मला म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. शारिवारीचंही पुढे असंच झालं. अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतल्या शेतकरी वस्त्यांत विसाव्या शतकात शिव्हरी म्हणजे बहुतांशी ओळखीच्या लोकांनी केलेला दंगा, आणि जोडप्याने सगळ्यांना दिलेली मिठाई, सिगार आणि कॉफी. जोडप्यांना कुणकुण असायची, खाऊ आणून ठेवलेला असायचा, आणि आपल्याकडे कुणी आलंच नाही तर चुकल्यासारखं वाटायचं. जर्मनीत लग्नाच्या आदल्या संध्याकाळी ‘पोल्टरआबेंड’ असते. पाहुणे घरून जुन्या बशा-कुंड्या आणून दारात फोडतात, आणि वर-वधू मिळून ते खापर झाडतात. आवाज कानठळ्या बसवणारा, पण बोलावणं त्या दोघांचं. आपल्या लग्नांत नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, करवल्या जोडे पळवतात, बहीण उंबऱ्यावर दार अडवून नाव घ्यायला लावते. यातही अडवणूक आहे, यातही पैसे उकळणं आहे. मग फरक कुठे? कान कोण पिळणार हे सगळ्यांना माहीत असतं, मांडवात, दिवसाउजेडी, दोन्हीकडची माणसं हजर असताना ते होतं, आणि नवरदेवाच्या खिशात पाकीट आधीच घालून ठेवलेलं असतं. त्याची चेष्टा होते ती त्याने नवरा व्हावं म्हणून. आमच्या जिन्यात चेष्टा झाली ती या वयात नवरा झाल्याबद्दल. ‘काकांना झेपेल का?’ असं कुणीतरी ओरडलं आणि त्यावर सगळ्यात मोठा हशा पिकला, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. सव्वीस वर्षांच्या मुलाच्या दाराशी हे वाक्य कुणी ओरडलं असतं का? आमच्याच इमारतीत गेल्या तीन वर्षांत चार तरुण लग्नं झाली. एकाच्याही दारात कुणी थाळी घेऊन गेलं नाही. मग ‘परंपरा’ नेमकी याच दारात का आठवली?

नियमवाल्यांचंही मला पटत नाही ते यामुळेच. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, रहिवासी भागात दिवसा पंचावन्न आणि रात्री पंचेचाळीस डेसिबलची मर्यादा आहे, आणि आजारी माणसं, परीक्षेची मुलं, तान्ही बाळं यांच्यासाठी ती पाळलीच पाहिजे. पण हाच प्रकार संध्याकाळी सात वाजता झाला असता तर? रात्री दहाचं घड्याळ बघणाऱ्याला त्यात काहीच गैर दिसलं नसतं. दाराखालचा दिवा मात्र तेव्हाही विझला असता. आवाजाचा कायदा शेजाऱ्याच्या झोपेचं रक्षण करतो, आतल्या माणसाच्या मानाचं रक्षण त्याच्या आवाक्यात नाही. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला, देशात असा कायदा करणारं हे पहिलं राज्य असा त्याचा गौरव झाला, कारण अबोल्याने माणूस मारता येतो हे आपण ओळखलं. दंग्यानेही मारता येतो हे ओळखायला नवा कायदा लागू नये. समूहाला एकत्र येऊन काही म्हणायचंच असेल तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने वाट दाखवली आहे. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही. तिथेही सगळं गाव एका बाईच्या वैधव्याबद्दल बोलायला जमलं होतं. फक्त काय बोलायचं हे त्या गावाने वेगळं ठरवलं.

येत्या रविवारी आमच्या सोसायटीची सभा आहे. ‘रात्री दहानंतर कोणताही कार्यक्रम नको’ असा ठराव येणार आहे. मी त्यात एक ओळ घालायला सांगणार आहे, की कुणाच्या घरच्या आनंदात सामील व्हायचं तर त्या घराला आधी विचारायचं. मला सांगितलं गेलं की अशी ओळ हास्यास्पद दिसेल, हे काय ठरावात लिहायचं असतं का. शक्य आहे. तरी मी मांडणार आहे.

गेल्या आठवड्यात त्या बाईंकडे चहाला गेले होते. त्या रात्रीचा विषय मी काढला नव्हता, त्यांनीच काढला. म्हणाल्या, ‘‘पहिल्या लग्नात अप्पांनी सनई-चौघडा ठेवला होता. या वेळी यांनी विचारलं, वाजंत्री सांगू का? मीच नको म्हटलं. लोक म्हणतील, बाईला या वयात हौस आली.’’ कपबशी उचलून त्या ओट्याकडे गेल्या, पाठमोऱ्या उभ्या राहून नळाखाली कप धुऊ लागल्या आणि जरा वेळाने म्हणाल्या, ‘‘हवी होती हो मला. सनई तरी.’’